नाळ कापण्याआधीची मूठ

मी एक जुना, एका जागी उसवलेला जनुक आहे, मित्रांनो. जनुक म्हणजे काय ते तुमच्या शाळेच्या पुस्तकात असेलच. माझ्यापुरतं सांगायचं तर मी विणकामाच्या नमुन्यासारखा आहे. बायका स्वेटरचा नमुना लेकीसुनांना देतात, तसे आईबाप मला मुलांना देतात. एक प्रत आईची, एक बापाची. म्हणून प्रत्येक माणसात मी दोनदा असतो, आणि त्याच्या अंगातल्या कणाकणात असतो. डोळ्यांत असतो, कानांत असतो, जिभेतसुद्धा असतो. त्यामुळे मला दिसतं सगळं, ऐकू येतं सगळं. बोलता मात्र येत नाही. हे न बोलता येणं मला फार महागात पडलं. म्हणजे मला नाही पडलं, दुसऱ्याच कुणाला पडलं. तेच आज सांगायचं आहे.

माझं कूळ दारं घडवणाऱ्यांचं. शरीरात एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे सतत निरोप जात असतात. ते नेणाऱ्यांना शिकलेली माणसं सायटोकाइन म्हणतात, मी आपला निरोप्या म्हणतो. निरोप्या आला की त्याच्यासाठी दार हवं. ती दारं माझे भाऊबंद घडवतात. मी मात्र घडवतो ते दार चौकट सोडून निरोप्याचा हात धरून वाटेला लागलेलं आहे. काय करणार, माझा निरोप्या भित्रा. सोबतीशिवाय उंबरठा ओलांडत नाही. मी घडवलेला सोबती त्याला बाहेर काढतो, दोघं जोडीनं मज्जातंतूंच्या दाराशी जातात आणि कडी वाजवतात. मग बाळ आईच्या पोटात असतानाच त्या तंतूंना वळण लागतं. चेहरा आवळला तर सोडायचा कसा, दूध गिळायचं कसं, उन्हात घाम आणायचा कसा.

माणूस पृथ्वीवर नव्हता, नुसते मासे पोहत होते, तेव्हापासून मी हे काम करतो आहे. कौतुक कधी झालं नाही. दूध गिळता येतं म्हणून कोण कुणाचे आभार मानतं?

पण मित्रांनो, फार पूर्वी इटलीजवळच्या सार्दिन्या बेटाच्या डोंगरात एका मेंढपाळाच्या अंगात माझी नक्कल होताना एक टाका गळला. गळला तो गळलाच. त्या माणसाला काही झालं नाही, कारण त्याची दुसरी प्रत शाबूत होती. घरात दोन दिवे असले आणि एक विझला, तरी स्वयंपाक थांबत नाही. तो जगला, म्हातारा झाला, आणि उसवलेला मी त्याच्या मुलांत गेलो, मग नातवंडांत. यापुढे मी म्हणेन तो हाच, उसवलेला.

आमचं पेर्दालोंगा गाव तसं लहान. ज्यांची मेंढरं एका पाणवठ्यावर, त्यांच्याच सोयरिकी. कुरणाला कुरण जोडलेलं राहतं, आणि भांडायचं तर माणूसही ओळखीचं असतं. त्यामुळे हळूहळू मी बऱ्याच घरांत जाऊन बसलो. सणाच्या दिवशी पेले भरले की म्हातारे छाती फुगवून म्हणायचे, "आमच्या गावाचं रक्त एक!" त्या फुगलेल्या छातीतही मी होतो.

व्हितालिया ही त्याच गावची मुलगी. हसरी, वेणी घट्ट घालणारी, बोलायला जरा भित्री. माझी एक प्रत तिच्यात होती. तिचं लग्न झालं अंतिओकोशी. तो प्रियामोचा मुलगा. प्रियामोकाका म्हणजे गावातला सगळ्यांत जाणता मेंढपाळ. मेंढी लंगडली की त्याला तिच्या आजीचं दुखणं आठवायचं. त्याच्यात मी होतो. त्याच्याकडून अंतिओकोत आलो होतो. आणि हे दोघं नवराबायको झाले तेव्हा चर्चमध्ये गहू उधळणाऱ्या एकाही माणसाला त्याचा पत्ता नव्हता.

पहिलं बाळंतपण मे महिन्यात आलं, ऐन लोकर कातरायच्या दिवसांत. त्या दिवशी प्रियामोच्या वाड्यावर सगळे शेजारी कातरणीला जमले होते. आमची सुईण ग्रेकामावशी कातरणाऱ्यांसाठी मटणाचं कालवण ढवळत होती. आमच्याकडे वयानं मोठ्या बाईला सगळं गाव मावशीच म्हणतं. पण ग्रेकामावशी खरं तर गावची नव्हतीच. ती किनाऱ्याकडची, इथं लग्न होऊन आलेली आणि लवकर विधवा झालेली. माझी उसवलेली प्रत तिच्यात नव्हती. हे लक्षात ठेवा, मित्रांनो.

तिच्याकडे दोन कात्र्या होत्या. एक नाळेची. ती कापडात गुंडाळलेली असायची, आणि वापरण्याआधी उकळत्या पाण्यात जायची. दुसरी पावाची. लग्नाला, बारशाला आमच्याकडे नक्षीचा पाव करतात. कणकेला कात्रीनं बारीक चिरा देऊन त्यातून पाखरं, पानं, फुलं उठवायची. ग्रेकामावशीच्या कात्रीतून पाखरू निघालं की ते आता उडेल असं वाटायचं. गावातल्या अर्ध्याअधिक मुलांना तिनं पहिल्या कात्रीनं आईपासून सोडवलं होतं आणि दुसरीनं त्यांच्या बारशाचा पाव कापला होता.

निरोप आला तशी ती डाव टाकून आली. हात कोपरापर्यंत साबणानं धुतले. सासू आणखी गरम पाणी आणायला चुलीकडे गेली, आणि खोलीत त्या दोघीच उरल्या तेव्हा बाळ आलं.

ते पहिल्यांदा रडलं. रडता रडता त्याचा चेहरा आवळला. ओठ शीळ घालताना होतात तसे गोळा झाले. दोन्ही मुठी अशा मिटल्या की अंगठे आत चेपले गेले. मान मागे ताठली. नाळ अजून आईला जोडलेली होती, मित्रांनो. कात्री अजून पाण्यात होती.

मी पाहत होतो. त्या बाळात माझ्या दोन्ही प्रती उसवलेल्या होत्या, एकाच जागी. निरोप्या त्याच्या अंगात घराबाहेर पडलाच नव्हता.

ग्रेकामावशीनं व्हितालियाकडे बघितलं. व्हितालियानं त्या मुठींकडे बघितलं.

"थंडीनं असेल," व्हितालिया म्हणाली.

"मे महिन्यात?" ग्रेकामावशी म्हणाली.  रडणं थांबलं, मुठी सैल झाल्या, आणि तिनं पाण्यातून कात्री काढली.

बाळाचं नाव सिसिन्यो ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. इथं आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. बाळाचं कौतुक केलं की त्याला हात लावावाच लागतो. नुसतं "काय गोड आहे" म्हणून हात मागे ठेवला तर त्या माणसाची नजर लागली असं धरतात. त्यामुळे जो येईल तो कौतुक करायचा आणि गालाला, हनुवटीला, पायाला हात लावायचा. सगळे प्रेमानंच करायचे.

"अगंबाई, नाक तर बघ! थेट आजोबांचं," शेजारची पिनुच्चा म्हणाली आणि तिनं त्याच्या नाकावर बोट टेकवलं.

बाळ ताठलं. ओठ गोळा झाले, तोंडातून फेस आला, अंग तापलं.

"बास आता," ग्रेकामावशी म्हणाली. "कौतुक करायचं तर दारातून करा. हात लावू नका त्याला."

"दारातून? आणि नजर लागली म्हणजे?"

"लागू दे. हात लागण्यापेक्षा बरी."

पिनुच्चा बाहेर अंगणात येऊन म्हणाली, "ऐकलंत का? लेकराला हात लावू देत नाही बया. स्वतःची नजर लपवायची असेल!"

व्हितालिया मात्र त्याला थोपटत राहिली. ते रडायचं म्हणून ती कुरवाळायची, आणि ती कुरवाळायची म्हणून ते आणखी ताठायचं. दूध घशाखाली उतरेना. अंग चुलीवरच्या तव्यासारखं झालं.

प्रियामोकाका आत आला. त्यानं नातवाला बराच वेळ न्याहाळलं आणि टोपी काढली.

"धनुर्वात आहे," तो म्हणाला. "शेपूट कापल्यावर कोकरांना होतो तो. हात लावला की ताठतात, जबडा मिटतो. मी डोळे मिटून ओळखीन."

"अहो, पण माणसाचं लेकरू ते..." अंतिओको म्हणाला.

"गंजकं पातं कोकराला ओळखत नाही नि माणसालाही ओळखत नाही."

खालच्या गावचा डॉक्टर खेचरावरून आला. तोही म्हणाला, दिसतं तर तसंच. त्याला दोष देऊ नका; तेव्हा मला कुणीच ओळखत नव्हतं. आणि काकाची चूक ही अडाण्याची चूक नव्हती. ज्यानं मेंढरांत जन्म काढला त्याच्याच हातून होईल अशी ती चूक होती. जे त्याला फार चांगलं ठाऊक होतं, तेच त्याला दिसलं.

सिसिन्यो गेला.

त्याला पुरून आल्यावर सगळे अंगणात बसले होते. ग्रेकामावशी आली, काळी शाल डोक्यावरून घेऊन. प्रियामोकाका उठला आणि त्यानं तिच्याकडे बोट दाखवलं.

"लोकरीच्या ढिगातून उठून आलीस तू. मेंढरांची कातर वापरलीस माझ्या नातवाच्या नाळेला."

मित्रांनो, त्या बोटातही मी होतो. ज्या बोटानं तो तिला दाखवत होता, त्या बोटाच्या कणाकणात मीच बसलो होतो. आणि सगळ्या अंगणात जिच्यात मी नक्की नव्हतो, ती ग्रेकामावशी.

ती शांतपणे म्हणाली, "माझी कात्री पाण्यात होती. आणि ते लेकरू कात्री लागायच्या आधीच ताठलं होतं. व्हितालियाला विचारा. तिनं पाहिलंय."

सगळ्यांनी व्हितालियाकडे बघितलं. तिनं तोंड उघडलं.

तेवढ्यात सासू म्हणाली, "कात्रीच्या आधीच ताठलं असेल, तर मग ते रक्तातलं म्हणायचं. आमच्या घराण्यात तर असलं कधी कुणाला झालं नाही बाई. माहेरचं काही असेल तर ते आईबापांनाच ठाऊक."

व्हितालियानं तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं.

"मला नाही दिसलं काही," ती म्हणाली. "मी शुद्धीवर नव्हते."

ते शब्द ज्या जिभेवरून गेले त्या जिभेत मी होतो. मला ओरडायचं होतं, मी आहे, मी! तिच्या माहेरचाही आहे आणि तुमच्याही घरचा आहे! पण उसवलेल्या नमुन्याला कसला आवाज. ग्रेकामावशी तिच्याकडे क्षणभर बघत राहिली, रागानंही नाही. शाल सारखी केली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी प्रियामोकाकानं तिची नाळेची कात्री सगळ्यांसमक्ष ओढ्यात फेकली. पावाची कात्री कुणी काढून घेतली नाही. घ्यायची गरजच पडली नाही. पावाची सामाईक भट्टी लागायची त्या दिवशी गल्लीतल्या बाया एकमेकींना हाका मारायच्या, ग्रेकामावशीच्या दाराशी आल्या की हाक बंद व्हायची. तिच्या हातचा पाव कुणी बारशाला मागेना. एकदा एका पोरीनं विचारलं, तर तिची आई म्हणाली, "हो, घाल तिच्या कात्रीखाली, म्हणजे पावसुद्धा ताठेल." बाया हसल्या. व्हितालिया कणीक मळत होती. ती हसली नाही, पण मळायची थांबलीही नाही.

ग्रेकामावशी त्या कात्रीनं कुंडीतल्या झाडांची वाळकी पानं कापायला लागली. पाणवठ्यावर भेट झाली की व्हितालियाला ती न चुकता विचारायची, "काय गं, बरी आहेस ना?" तिनं एखादी शिवी दिली असती तर व्हितालियाला घास गेला असता. ही विचारपूस तिच्या घशातून उतरायची नाही. मला तिचा घसा ठाऊक होता. मी तिथंच राहत होतो.

वर्षं गेली. व्हितालियाला मुलगी झाली, लीचा. ती शहरातल्या इस्पितळात झाली, धडधाकट. तिच्यात माझी एकच उसवलेली प्रत गेली होती. प्रियामोकाका गेला, सासू गेली. लीचा मोठी झाली, शिकली, शहरात नोकरीला लागली. आणि एवढं सगळं करून प्रेमात पडली ती पाणवठ्यापलीकडच्या घरातल्या मुलाच्या! व्हितालिया खूश झाली. ओळखीचं घर, ओळखीची माणसं. मी पण ओळखीचाच होतो तिथं.

लीचाचा मुलगा रायमोंदो शहरातल्या इस्पितळात जन्मला. पहिल्या रडण्यालाच त्याचे ओठ गोळा झाले आणि मुठी मिटल्या. काचेपलीकडून व्हितालियानं ते पाहिलं. 

तिथली डॉक्टर तरुण होती, केस कसेबसे बांधलेली, डोळ्यांत झोप. तिनं लीचाला आणि जावयाला समोर बसवलं. व्हितालिया भिंतीला टेकून उभी राहिली.

"धनुर्वात आहे ना?" व्हितालियानं विचारलं.

"नाही आजी. तुमच्या त्या डोंगरातल्या गावांत पूर्वी तसंच समजायचे. हे जन्मजात आहे. आईकडून थोडं, वडिलांकडून थोडं, दोन्ही एकत्र आलं की दिसतं. एकट्या कुणाचा दोष नाही."

"मग कात्री?"

"कुठली कात्री?"

"नाळेची. गंजकी असली तर..."

"आजी, हे पोटात असल्यापासूनचं आहे. कात्रीचा काय संबंध?" डॉक्टरनं कागदावरून मान वर केली. "बरं, एक महत्त्वाचं. त्याला उगाच हात लावायचा नाही. लाडानंसुद्धा नाही. स्पर्शानं, आवाजानं, रडण्यानं ते वाढतं. अंग थंड ठेवायचं, दूध नळीनं द्यायचं. पहिले महिने धोक्याचे आहेत. काही बाळं ते पार करतात."

व्हितालिया बाहेर येऊन बाकावर बसली. आपल्या हातांकडे बघत राहिली. त्या हातांनी तिनं सिसिन्योला किती कुरवाळलं होतं.

रायमोंदोनं ते महिने पार केले. अगदी काठावरून, दर तापाला घरादाराचा जीव टांगणीला लावून, पण केले. नळीसकट तो गावी आला आणि बारसं ठरलं. आमच्याकडे बारसं चर्चमध्ये होतं. पाद्री बाळाच्या कपाळावर पाणी घालतो आणि बाळाला धर्माची आई मिळते. ती त्याला हातात धरते, आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांचं नातं रक्ताच्या नात्याहून मोठं धरतात.

बारशाच्या आदल्या दिवशी व्हितालियाच्या अंगणात भट्टी पेटली. गल्लीतल्या सगळ्या बाया जमल्या. पिनुच्चासुद्धा आली होती, आता गुडघे धरून चालणारी. कणकेचे गोळे तयार होते.

"नक्षी कोण करणार?" पिनुच्चानं विचारलं.

व्हितालियानं हात पुसले आणि ती फाटकाबाहेर गेली. गल्लीच्या टोकाच्या घरासमोर उभी राहून तिनं हाक मारली. "ग्रेकामावशी! भट्टी पेटलीय. कात्री घेऊन या."

 मग ग्रेकामावशी दारात आली. पार वाकली होती, पण वेणी अजून नीट घातलेली.

"कुंडीतली पानं कापते ती कात्री," ती म्हणाली. "पावाला चालेल तुमच्या?"

"धुऊन घेऊ."

"उकळून घेऊ," ग्रेकामावशी म्हणाली.

दोघी अंगणात आल्या तशा बायांचे हात कणकेतच थबकले. व्हितालिया पिठाच्या परातीजवळ उभी राहिली.  

"सगळ्यांनी ऐका," ती म्हणाली. "माझा सिसिन्यो नाळ कापायच्या आधीच ताठला होता. मी पाहिलं होतं. मी शुद्धीवर होते. मी खोटं बोलले. मावशीची कात्री पाण्यात होती. लेकराला जे झालं ते आमच्या रक्तातलं होतं, माझ्या नि अंतिओकोच्या. रायमोंदोला तेच आहे."

भट्टीत लाकूड फुटल्याचा आवाज आला. पिनुच्चा म्हणाली, "एवढी वर्षं, व्हितालिया?"

"एवढी वर्षं," व्हितालिया म्हणाली. मग ती ग्रेकामावशीकडे वळली. "आणि तुम्ही सांगत होता हात लावू नका म्हणून. मी ऐकलं नाही. मीच कुरवाळून कुरवाळून..."

"पुरे," ग्रेकामावशी म्हणाली. "हात लावला नसतास तरी ते लेकरू राहिलं नसतं. त्याला दूध गिळता येत नव्हतं. सगळंच आपल्या अंगावर ओढून घेऊ नकोस. माझ्या वाटचं मी वाहिलंय, त्यात तुझा हात होता. तेवढं घे, पुष्कळ होईल."

"मला माफ..."

"ते नंतर बघू. मी त्या दिवशी अंगणात तुझ्या तोंडाकडे बघत उभी होते. मग पाणवठ्यावर रोज बघत राहिले, आज बोलेल, उद्या बोलेल. म्हातारी झाले बघून बघून. आता लगेच माफ करायला मला काय घाई आहे?" तिनं बाही वर सरकवली. "पीठ सुकतंय. आण इकडे."

 पहिलं पाखरू वाकडं निघालं. दुसरंही. तिसऱ्याला पंख फुटले तेव्हा पिनुच्चानं पुढचा गोळा तिच्यासमोर सरकवला.

"उद्या त्याला हातात तुम्ही धरायचं," व्हितालिया म्हणाली. "धर्माची आई म्हणून."

"आई!" लीचा कुजबुजली. "अगं, त्यांचे हात बघ कसे थरथरतायत."

"त्याला हात न लावता धरायचं असतं हे या गावात आधी कुणी सांगितलं?" व्हितालिया म्हणाली. 

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं. ग्रेकामावशीनं कोकराचं मऊ कातडं मांडीवर घेतलं आणि त्यावर रायमोंदोला निजवून ती बाकावर बसली. तिनं त्याला थोपटलं नाही, मुकाही घेतला नाही. कातडं फक्त धरून ठेवलं. पाद्री पाण्याचं भांडं घेऊन आला, तसं घंटेच्या आवाजानं बाळ दचकलं. ओठ गोळा झाले, मुठी मिटल्या.

"फादर, जरा थांबा," ग्रेकामावशी म्हणाली.

"किती वेळ?"

"तो झोपेपर्यंत. तुम्हांला कुठं मेंढरं पाजायला जायचंय?"

मागच्या बाकांवर कुणीतरी खुसफुसलं आणि लगेच गप्प झालं. मग सगळं गाव वाट बघत बसलं. ज्या गावानं त्या बाईच्या दाराशी हाक बंद केली होती, ते गाव तिच्या मांडीवरच्या बाळाला झोप लागावी म्हणून श्वास रोखून बसलं होतं. मी त्यांतल्या कितीतरी माणसांत होतो, आणि त्या बाळात तर दोनदा. मला लाज वाटत होती, आणि तरी तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

हळूहळू चेहरा सुटला. मग एक मूठ उघडली, एकेक बोट करून. मग दुसरी. व्हितालिया बघत होती. आईला नाळ जोडलेली असताना मिटलेली ती मूठ तिला सगळ्या जन्मात विसरता आली नव्हती. आज पहिल्यांदा तशी मूठ उघडताना तिनं नीट पाहिली.

पाणी कोमट होतं. पाद्रीनं ते थेंबाथेंबानं सोडलं. बाळ झोपलेलंच राहिलं.

बाहेर पडताना रिवाजाप्रमाणे लोक बाळाला बघायला पुढे आले. सगळ्यांत आधी पिनुच्चा. ती वाकली. "अगंबाई, काय गोड..." म्हणता म्हणता तिचा हात उठला. आयुष्यभराची सवय ती. ग्रेकामावशीनं नुसतं तिच्याकडे बघितलं. पिनुच्चानं हात मागे घेतला, पाठीशी नेला आणि दुसऱ्या हातानं तो घट्ट धरून ठेवला.

"नजर नाही हं लागणार माझी," ती पुटपुटली.

"ठाऊक आहे," ग्रेकामावशी म्हणाली. "माझीही लागली नव्हती."

तिच्यामागे सगळे आले. एकेकानं वाकून कौतुक केलं आणि प्रत्येकानं हात पाठीमागे धरले.

मित्रांनो, पुढे शास्त्रज्ञांनी मला शोधून काढलं, गुणसूत्रांच्या एकोणिसाव्या जोडीत. अक्षरांचं नि आकड्याचं एक रूक्ष नाव दिलं. माझा टाका अजून कुणाला घालता आलेला नाही. रायमोंदो आता मोठा झाला आहे. त्याची पाठ थोडी वाकडी आहे. कडक उन्हात त्याला घाम येत नाही, आणि हिवाळ्यात थंड वारा सुटला की घामानं सदरा भिजतो. पोरं हसली की तो म्हणतो, "माझं उलटं ऋतुमान." ग्रेकामावशीच्या पावाच्या कात्रीला तो दर सणाला स्वतः धार लावतो. मावशी गेली तेव्हा ती त्यालाच देऊन गेली. व्हितालियाला तिनं माफ केलं की नाही, ते मला कळलं नाही. शेवटपर्यंत दोघी एका भट्टीवर बसायच्या, एवढं पाहिलं. आणि ग्रेकामावशीच्या अंगात मी नव्हतो, त्यामुळे तिच्या मनातलं मला कधीच कळणार नव्हतं.

माझं एकच मागणं आहे. लग्न जुळवताना कुरणांबद्दल विचारता, तसं दुखण्यांबद्दलही मोकळेपणी विचारत जा, लाजू नका. घरात एखादं मूल वेगळं जन्मलं तर आईकडे बघू नका, सुईणीकडे बघू नका. आधी डॉक्टरकडे जा. आम्ही उसवलेले जनुक कुणाकुणात बसलेले असू, सांगता येत नाही. कदाचित तुमच्यातही. म्हणून कुणाकडे बोट दाखवायला हात उठला, तर पिनुच्चासारखं करा. तो मागे न्या, आणि दुसऱ्या हातानं थोडा वेळ घट्ट धरून ठेवा.